डेमारी टॉलिव्हरची पारख

अमेरिकी फुटबॉलात चेंडू हातांनी झेलतात, आणि डेमारी टॉलिव्हरच्या हातांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. चेंडू मागून येवो, गुडघ्याखाली येवो, दोन दांडगे अंगाला लोंबकळत असोत, एकदा त्याची बोटं चेंडूला लागली की चेंडू त्याचा. पायांबद्दल थोडी कुजबुज होती. चाळीस यार्ड पळण्यात त्याच्याहून चपळ पोरं देशात पुष्कळ होती. पण समोरचा राखणदार कुठल्या पायावर भार टाकतो ते ओळखून नेमका उलट्या बाजूला सटकायचं, हे त्याला जसं जमे तसं त्या चपळ पोरांना जमत नसे. व्यावसायिक संघांचे पारखी चार वर्षं विद्यापीठाच्या मैदानावर येत होते, ते त्याच्यासाठीच.

प्रश्न होता तो डोक्याचा. आणि तो प्रश्न उभा केला होता विद्यापीठाच्या कोच हॅम्बींनी.

झालं असं. आदल्या ऑगस्टमध्ये सराव चालू होता. मिसिसिपीतला ऑगस्ट. दुपारी मैदानावर उभं राहिलं तरी बुटाच्या तळातून चटका बसावा असा. हॅम्बींनी सगळ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावलं होतं. ल्यूशस क्वार्ल्स नावाचा तीनशे पौंडी पोरगा, फळीत पुढं उभा राहून धडका घेणारा, पळता पळता तिसऱ्यांदा पडला तो उठलाच नाही. अंगाला घाम नाही, डोळे फिरलेले.

"नाटकं करतोय," हॅम्बी शिट्टी काढून म्हणाले. "ओलांडून पळा."

पोरं ओलांडून पळाली. डेमारी थांबला. त्यानं हेल्मेट काढलं, गवतावर ठेवलं आणि क्वार्ल्सच्या काखेत हात घातला.

"टॉलिव्हर! हेल्मेट घाल, नाहीतर मैदानातून चालता हो!"

"चालताच होतोय, कोच. याला घेऊन."

एकट्याला काही तो हलेना. तेव्हा आणखी दोघं आले, मान खाली घालून, कोचकडं न बघता. तिघांनी त्याला उचलून आत नेलं आणि बर्फाच्या पाण्यात बुडवलं. डॉक्टर पुढं म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर पोरगा गेला असता. जीव वाचला, पण मूत्रपिंडं दुखावली. क्वार्ल्सचा खेळ तिथंच संपला. चौकशी बसली, चौकशी उठली. हॅम्बी होते त्या खुर्चीत राहिले. डेमारीला मात्र 'शिस्तीसाठी' हंगामाचे पहिले दोन सामने बाकावर बसवलं. दोन्ही सामने हरले, लोक ओरडायला लागले, तेव्हा कुठं त्याला उतरवला. मग त्यानं असे झेल घेतले की हॅम्बींची नोकरी वाचली. त्याबद्दल हॅम्बींनी त्याचे आभार मानल्याचं कुणी ऐकलं नाही.

पारखी विचारायला आले की हॅम्बी एकच सांगत. "हात देवाचे आहेत हो पोराचे. फक्त सांगितलेलं ऐकायची सवय नाही. तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा."

मार्चमध्ये विद्यापीठात पारखणीचा दिवस ठरला. डेमारीचं वजन झालं, उंची झाली, पंजे मोजले, उड्या झाल्या, धाव झाली. मग चेंडू झेलून दाखवायची वेळ आली, तेव्हा संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, त्याच्याजवळ आला आणि बुटांकडं बघत म्हणाला, "डे, कोच म्हणतात तुझ्याकडं फेकायचं नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"मी पुढच्या वर्षी पण इथंच आहे रे."

डेमारीनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्या पोराचा राग त्याला आला नाही. दुसऱ्या रिसीव्हरांनी, म्हणजे झेलणाऱ्यांनी, झेल दाखवले, आणि संघाचा सगळ्यात चांगला रिसीव्हर कडेला पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला. हॅम्बी लांब पारख्यांशी हसून बोलत होते.

नंतर एका खोलीत एका संघाच्या दोन माणसांनी त्याला समोर बसवलं.

"ऑगस्टचं सांग," एक जण म्हणाला. डेमारीनं सांगितलं.

"बरं. उद्या आमच्याकडे तसंच झालं तर?"

"उचलीन."

"कोच नको म्हणाले तरी?"

"कोच नको म्हणाले तरी."

त्या माणसानं पेनाला टोपण लावलं.

त्याचा एजंट रेनर बाहेर गाडीला टेकून उभा होता. तो वाईट माणूस नव्हता, पण फार माणसांची मर्जी सांभाळून जगलेला होता. "डे, एक वाक्य रे," तो म्हणाला. "डोकं तापलं होतं, चुकलो, शिकलो. बस. कुणी शपथेवर विचारत नाहीये. त्यांना फक्त ऐकायचंय."

"मी चुकलो नाही."

"मला माहितीय चुकला नाहीस! हॅम्बीला पण माहितीय! म्हणून तर तुझ्याकडून ऐकायचंय ना."

"मग त्यांना ऐकायला मिळणार नाही," डेमारी म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

घर नदीच्या बांधाजवळ, मोर्स लँडिंगला. आई, मिस व्हर्नेल, कॅटफिशच्या कारखान्यात मासे सोलायला जाई. बावीस वर्षं एकाच टेबलापाशी उभं राहून तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. रेनरनं तिला फोन करून सगळं आधीच सांगितलं होतं.

"झुकल्यानं मान तुटत नाही," तिनं डेमारी आत पाऊल टाकतो न टाकतो तोच सुरू केलं. "मी रोज झुकते. बघ, आहे की नाही जागेवर?"

"तुझी मान दुखते, आई. रोज रात्री तेल लावून घेतेस डेसाकडून."

"तोंड वर करून बोलू नकोस."

डेसा म्हणजे ओडेसा, त्याची थोरली बहीण. ती शाळेची बस चालवायची आणि शनिवारी मेम्फिसला जाऊन बायकांच्या संघात एकोणीस नंबरचा सदरा घालून क्वार्टरबॅक म्हणून खेळायची. डेमारीला पहिला चेंडू फेकला तो तिनंच, अंगणात, तो पाच वर्षांचा असताना. तो त्याच्या नाकावर बसला होता.

पण खरी अडचण आली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती क्वार्ल्सच्या रूपानं आली. तो ओसरीच्या पायऱ्या धापा टाकत चढला. शंभर पौंडांनी उतरला होता, पण खुर्चीत बसताना अजून जुन्या सवयीनं आधी खुर्ची दाबून बघायचा.

"म्हणून टाक," तो म्हणाला. "माझी शपथ. मी काही मनावर घेणार नाही."

"तुला कुणी पाठवलं? रेनरनं?"

"कुणी पाठवलं त्याला काय करायचंय? डे, माझा खेळ गेला. तुझा माझ्यामुळं गेला तर मी रात्री झोपू कसा, सांग की मला. तू काय माझा पुतळा बनवणारेस का?"

"हे तुझ्यासाठी नाहीये, ल्यूशस."

"माझ्यासाठी नाही? मग पाण्यात कुणाला बुडवलंस, तुझ्या काकाला?"

डेमारीला हसू आलं, पण त्यानं मान हलवली. "मी चूक म्हटलं की ते बरोबर ठरतात. पुढचा कुणी पडेल तेव्हा ते म्हणतील, बघा, टॉलिव्हरनं पण कबूल केलं होतं."

क्वार्ल्सनं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "तू गाढव आहेस." आणि जेवायला थांबला.

त्याच रात्री जेवताना ओडेसानं मक्याच्या पावाचा तुकडा मोडत जाहीर केलं, "ते फेकू देत नाहीत ना? मी फेकते. आपल्या शाळेच्या मैदानावर. रेनरला म्हणावं, बोलव सगळ्यांना."

रेनरनं सगळ्या संघांना बोलावलं. आले तीन जण. एक तर ओडेसाला बघून गाडीतून उतरलाच नाही, तसाच वळला. उरले दोघं. एक तरुण, गळ्यात स्टॉपवॉच, पांढरे स्वच्छ बूट. दुसरा लायमन प्रूडोम, साठीचा लुइझियानाचा माणूस, एका गुडघ्यानं लंगडा, तोंडात सदा दात कोरायची काडी. मैदानाचं एक टोक नदीच्या ओलीनं पचपचीत झालं होतं. वर शाळेच्या बाकांवर गावातली पाचपंचवीस माणसं येऊन बसली होती, मिस व्हर्नेल सुट्टी टाकून.

"फेकणारा कुठाय?" तरुण पारख्यानं विचारलं.

"तुमच्यासमोर उभी आहे," ओडेसा म्हणाली.

"बाई, हे काही गमतीचं काम नाही."

"मग हसताय कशाला?"

बाकांवर खसखस पिकली. प्रूडोमनं काडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "सुरू करा," तो म्हणाला.

ओडेसा फेकत गेली, डेमारी झेलत गेला. आधी जवळचे, मग कडेला वळून घ्यायचे, मग लांब पळत खांद्यावरून घ्यायचे. चेंडू असा सुसाट यायचा की हातात बसताच फाडकन आवाज व्हायचा. तरुणानं पहिल्या दहा मिनिटांत हसणं सोडलं. प्रूडोम मात्र एकच बोलत होता, "आणखी एकदा." ओल्या टोकाकडं, "आणखी एकदा." उलट्या बाजूनं, "आणखी एकदा." सूर्य वर आला. डेमारीचा सदरा घामानं चिंब झाला. म्हणेल तिथं गेला, म्हणेल तसा वळला. फोनवर चित्रण करणाऱ्या रेनरचा चेहरा हळूहळू खुलत होता. पोरगं ऐकतंय, हे दोन्ही पारख्यांना दिसत होतं.

मग एक चेंडू हातात आला त्यावर लाल डाग होता. डेमारीनं तो पुसला नाही. चेंडू घेऊन तो सरळ ओडेसाकडं चालत गेला आणि तिचा उजवा हात उलटा केला. मधल्या बोटाचं नख मुळापासून उचकटलं होतं.

"बास," तो म्हणाला.

"कोण म्हणालं बास?" लांबून प्रूडोम.

"मी. हिचं बोट गेलंय."

"मी बोलले का काही?" ओडेसा हात ओढून घेत खेकसली. "मी फेकतेय ना? जा, उभा राहा तिकडं."

"तू गप बस, डेसा."

"तू मला गप बसवतोस? नाकातलं रक्त मी पुसलंय तुझ्या!"

"म्हणूनच म्हणतोय."

प्रूडोम लंगडत जवळ आला. "मला अजून आडवं पळताना बघायचंय. मधून, गर्दीतून घेतल्यासारखं. मी सहा तास गाडी चालवून आलोय, बाळा."

"मी दिवसभर पळतो, सर. म्हणाल तर अंधार पडेपर्यंत. पण ही फेकणार नाही."

"आणि मी म्हटलं, ही फेकेल तरच मी थांबतो?"

रेनरनं डोळे मिटून घेतले.

"तर तुमची गाडी त्या झाडाखाली आहे, सर," डेमारी म्हणाला.

तरुण पारखी हळूच म्हणाला, "हेच. हेच हॅम्बी म्हणत होता." त्यानं स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि तो गाडीकडं निघालासुद्धा.

प्रूडोम हलला नाही. डेमारीच्या तोंडाकडं बघत राहिला. डेमारीनंही नजर काढली नाही. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं तो डाग लागलेला चेंडू म्हाताऱ्यापुढं धरला. "नाहीतर तुम्ही फेका."

"मी?"

"बघायचं तुम्हाला आहे ना, सर."

प्रूडोमनं काडी थुंकली. कोट काढला, घडी केली आणि ओडेसाच्या हातात दिला. "रक्त लावू नका याला," म्हणाला. पाय रोवून त्यानं चेंडू फेकला. तो काटलेल्या पतंगासारखा गोते खात निघाला, डेमारीच्या चार हात मागं, आणि चिखलात पडणार तोच डेमारी उलटा फिरून अंगाखाली त्याला घेऊन घसरत गेला. उठला तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेंडू काखेत. दुसरा डोक्यावरून गेला, तो त्यानं एका हातानं ओढून खाली आणला. तिसरा बुटाच्या नाडीपाशी. चौथा तर ओडेसाच्या दिशेनं गेला, तोही त्यानं तिच्या अंगावरून झेप घेऊन काढला आणि वर तिच्या शिव्या खाल्ल्या. मिस व्हर्नेल बाकावर उभी राहून ओरडत होती, "नीट फेका की हो जरा, म्हातारबाबा!"

प्रूडोम धापा टाकत, हसत, गुडघा धरून गवतावर बसला.

"मी काय सांगणार ते ठाऊक आहे तुला?" दम आल्यावर त्यानं विचारलं.

"हात चांगले आहेत."

"हात आंधळ्यालाही दिसतात. मी सांगणार, हा पोरगा परत तेच करील. आज माझ्यासमोर केलं, उद्या तुमच्यासमोर करील. आमच्या माणसांना ते आवडेलच असं नाही."

"सांगा," डेमारी म्हणाला. "तेच खरं आहे."

एप्रिलच्या अखेरीस निवड झाली. तीन दिवस चालते ती, संघ पाळीपाळीनं एकेक पोरगा निवडतात. पहिल्या दोन दिवसांत नाव येईल असं कुणी धरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. कढईत मासे तळले जात होते, चर्चचे पास्टर सोफ्याच्या मानाच्या कोपऱ्यात, शेजारी क्वार्ल्स, दारात ओडेसा बोटाला पट्टी बांधून. एकेक नाव पडद्यावर यायचं आणि खोलीतला आवाज थोडा कमी व्हायचा. डेमारीहून कमी झेल घेतलेली पोरं गेली. ज्यांचे चेंडू हातातून निसटतात अशीही दोन गेली.

शेवटच्या फेरीत फोन वाजला. अनोळखी नंबर. ओडेसानं धावत जाऊन कढईखालची आच बंद केली.

"मुला, आमची एक पाळी शिल्लक आहे," पलीकडून एका संघाचे मुख्य कोच बोलत होते. आवाज चांगला होता, बापासारखा. "तुझं नाव माझ्यासमोर आहे. दोन मिनिटांत सांगायचंय. त्याआधी मला तुझ्या तोंडून एक ऐकायचंय. त्या ऑगस्टबद्दल वाईट वाटतं ना तुला?"

फोनचा आवाज मोठा होता. सगळ्यांनी ऐकलं. क्वार्ल्स जोरजोरात मान हलवून खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. मिस व्हर्नेल ओठ घट्ट मिटून उभी होती, झारा तसाच हातात.

हो, एवढा एकच शब्द होता. जन्मभर डेमारी ज्याच्यासाठी पळला ते त्या शब्दाच्या पलीकडं उभं होतं.

"वाटतं, सर," तो म्हणाला. क्वार्ल्सनं डोळे मिटून श्वास सोडला. "तो तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी थांबलो. पहिल्या दोन वेळेला मीही ओलांडूनच पळालो होतो. त्याचं वाईट वाटतं. पहिल्यांदाच थांबायला हवं होतं."

पलीकडं कुणीतरी खुर्ची सरकवली.

"मी तेवढ्याबद्दल विचारत नव्हतो, मुला."

"मला कळलं, सर. पण तेवढंच आहे."

"ठीक आहे. शुभेच्छा."

थोड्या वेळानं पडद्यावर त्या संघाचं चिन्ह आलं आणि खाली कुठल्या तरी दुसऱ्याच पोराचं नाव. क्वार्ल्स उठून बाहेर ओसरीवर गेला, आणि त्याची पाठ जाळीच्या दारातून हलताना दिसत राहिली.

मिस व्हर्नेल पडद्यापाशी गेली. तिनं टीव्ही बंद केला. मग आत जाऊन पहिलं ताट वाढून आणलं, सगळ्यात मोठा मासा, वर पालेभाजी, आणि पास्टरांच्या समोरून नेऊन ते डेमारीच्या मांडीवर ठेवलं. त्या घरात पास्टरांच्या आधी कुणाला ताट मिळालेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पास्टरांनीही ते बघितलं आणि गालात हसले.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय." आणि जाता जाता त्याच्या मानेवर क्षणभर हात ठेवून गेली.

प्रूडोमचा फोन आला तो ताटं उचलून झाल्यावर. "सरावाला ये," तो म्हणाला. "हमी कसली नाही. अकरा रिसीव्हर आहेत, सहांची जागा, आणि तू अकरावा."

"तुमच्या माणसांना आवडलं का मग?"

"अर्ध्यांना नाही. पण तुझ्या त्या रेनरनं मैदानावर चित्रण केलं होतं ना, ते आमच्या रिसीव्हरांच्या कोचनं बघितलं. विचारलं, हा भिकार फेकणारा म्हातारा कोण? मी म्हटलं, मीच. म्हणाला, तुझे झेलतो तो कुणाचेही झेलेल."

जुलैत डेमारी ओहायोला, प्रूडोमच्या संघाच्या सरावाला गेला. तिथं कुणी त्याचं कौतुक केलं नाही. वरच्या फेऱ्यांत निवडलेल्या पोरांना चेंडू मिळायचे. त्याला मिळायच्या धडका. दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करायची, लाथेनं उडवलेल्या चेंडूमागं जीव तोडून पळून समोरच्याला आडवं करायचं, हेच त्याचं काम. ते तो सांगितल्याबरहुकूम करायचा. एका सरावात कोचनं त्याला चुकीच्या जागी उभं केलं तेव्हा 'ही जागा चुकीची आहे, सर' हे त्यानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिथंच उभा राहिला. कोचनं नंतर जागा बदलली.

ऑगस्टच्या शेवटी एकेकाला आत बोलावून घरी पाठवलं जात होतं. डेमारीलाही बोलावलं. बाहेर आल्यावर त्यानं आईला फोन लावला. ती कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत होती. मागं पट्ट्यांचा खडखडाट आणि बायकांचा गलका.

"काय म्हणाले?"

"राहा म्हणाले."

तिकडं ती काहीतरी ओरडली, आणि बायकांच्या गलक्यात भर पडली. मग पुन्हा फोन कानाला. "आणि तू काय म्हणालास?"

"राहतो म्हटलं. पण..."

"पण? त्यात 'पण' कसला, डेमारी?"

"ब्याऐंशी नंबरचा सदरा देतायत. मी म्हटलं, मला एकोणीस पाहिजे, डेसाचा."

"अरे देवा! आणि?"

"नाही म्हणाले."

"झालं ना मग?"

"उद्या परत विचारणार आहे."

मिस व्हर्नेलनं फोनवर हात ठेवून शेजारणीला ते सांगितलं, आणि दोघींचं हसणं त्या खडखडाटातूनसुद्धा त्याला ओहायोत ऐकू आलं.